घरातील उंदीर : सापळा कोणता निवडावा आणि कसा लावावा?

पावसाळ्यात बिळांमध्ये पाणी शिरते आणि उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. ओट्याखाली लेंड्या दिसल्या की बहुतेक जण दुकानातून उंदीर मारायची पेस्ट आणतात. घरात लहान मुले असतील तर आधी पुढील माहिती वाचा.

विषाऐवजी सापळा का?

उंदीर मारण्याच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ही पेस्ट टूथपेस्ट समजून दातांना लावल्याचे किंवा ती लावलेला पाव-बिस्किटाचा तुकडा मुलाने खाल्ल्याचे प्रकार घडतात. सुरुवातीला उलट्या होतात, पोट दुखते. मग एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो, पण या काळात यकृताची हानी सुरूच असते. नंतर कावीळ होते आणि यकृत निकामी होऊ शकते. या विषावर खात्रीचा उतारा नाही.

म्हणून अशी पेस्ट चुकून पोटात गेल्यास, रुग्ण ठीक दिसत असला तरी, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. वेष्टन सोबत घ्या. उलटी करवू नका. दूध, तूप, तेल देऊ नका. स्निग्ध पदार्थांमुळे फॉस्फरस शरीरात अधिक शोषला जातो. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात 108 क्रमांक आहे.

विष खाल्लेला उंदीर माळ्यावर किंवा कपाटामागे मरून कुजतो, तो वेगळाच त्रास. सापळ्यात उंदीर सापडला की नाही, हे लगेच कळते.

सापळ्यांचे प्रकार

चाप (स्प्रिंगचा सापळा): खटका उडताच उंदीर बहुधा जागीच मरतो. जिवंत उंदीर हाताळावा लागत नाही, म्हणून आरोग्याच्या दृष्टीने हा प्रकार सोयीचा. लहान उंदरासाठी छोटा आणि मोठ्या उंदरासाठी मोठा चाप घ्या. छोट्या चापातून मोठा उंदीर जखमी होऊन निसटतो. मुलांची बोटे किंवा मांजराचा पंजा अडकू नये म्हणून चाप उंदीर जाईल एवढीच भोके पाडलेल्या लाकडी खोक्यात ठेवा.

पिंजरा: मुलांसाठी चापापेक्षा सुरक्षित आणि अनेक वर्षे टिकणारा. पण सापडलेल्या जिवंत उंदराचे काय करणार, हे पिंजरा आणण्याआधीच ठरवा. जवळच्या गटारात सोडलेला उंदीर परत तरी येतो, नाहीतर शेजाऱ्यांकडे जातो. बादलीत बुडवून मारणे क्रूर आहेच, शिवाय त्याच्या लघवीने दूषित झालेले पाणी अंगावर उडते. घाबरलेला उंदीर चावतो, म्हणून पिंजऱ्यात हात घालू नका. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाला किंवा पेस्ट कंट्रोलवाल्यांना विचारा.

चिकट पॅड: हा शक्यतो टाळा. चिकटलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि भीतीने लघवी करतो. त्या लघवीतूनच संसर्गाचा धोका असतो.

सापळा कसा लावावा?

1. आधी माग काढा. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या लहान उंदराच्या, एक सेंटिमीटरहून लांब असल्या तर मोठ्या उंदराच्या. कुरतडलेल्या वस्तू आणि भिंतीवरचे तेलकट काळे डाग यांवरूनही वाट कळते.
2. भिंतीलगत ठेवा. उंदीर भिंतीला मिशा घासत चालतो, खोलीच्या मधोमध क्वचितच येतो. चाप भिंतीशी काटकोनात ठेवा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करा. फ्रिजमागे, ओट्याखाली, गॅस सिलिंडरजवळ अशा जागा निवडा.
3. एकाच सापळ्यावर थांबू नका. लहान उंदीर फार लांब फिरत नाही. त्याच्यासाठी दोन-तीन मीटरवर एक सापळा लावा. मोठ्या उंदरासाठी पाच-सहा मीटर अंतर चालेल.
4. थोडेच आमिष लावा. शेंगदाण्याचा कूट, भाजलेले खोबरे, भज्याचा तुकडा किंवा सुका बोंबील. दाण्याएवढे पुरते. दोऱ्याने बांधले तर ते पळवता येत नाही आणि ओढताना खटका उडतो.
5. मोठ्या उंदराला वेळ द्या. तो नव्या वस्तूला बिचकतो. दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसते आमिष ठेवा. तो बिनधास्त खाऊ लागला की चाप ताणा.
6. इतर खाणे बंद करा. रात्री खरकटी भांडी, उघडा कचरा किंवा मांजराचे खाणे बाहेर राहिले, तर उंदीर आमिषाकडे फिरकणार नाही.

मेलेला उंदीर आणि सापळ्याची सफाई

उंदीर निरोगी दिसला तरी त्याच्या लघवीत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. ते जखमेतून, भिजून मऊ झालेल्या त्वचेतून, तसेच डोळे, नाक व तोंडातून शरीरात जातात.

- रबरी हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा.
- घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असे मिश्रण करून उंदरावर, सापळ्यावर आणि लेंड्यांवर टाका. पाच मिनिटे थांबा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.
- कोरड्या लेंड्या झाडू नका. ओल्या कागदाने टिपून घ्या.
- मेलेला उंदीर दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात द्या. नंतर साबणाने हात धुवा.

वाट बंद केली नाही तर उंदीर पुन्हा येतील

उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पिल्ले देते. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. पाइपभोवतीची भोके सिमेंट आणि तारेच्या जाळीने बुजवा, मोरीला जाळी बसवा, दाराखाली पत्र्याची पट्टी लावा. नुसता बोळा कोंबला तर उंदीर तो कुरतडतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

*उंदीर चावल्यास* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागू शकते. घरातल्या उंदराच्या चाव्यातून रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी असते. लस हवी की नको, हे डॉक्टर ठरवतील.

*ताप आल्यास* अंगावर काढू नका. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे बहुधा 5 ते 14 दिवसांत दिसतात, कधी महिनाभरानेही. अचानक ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना आणि लाल डोळे ही त्यांतली महत्त्वाची लक्षणे. कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा.

सुरुवातीला हा आजार फ्लू किंवा डेंग्यूसारखा वाटतो. घरात उंदीर आहेत किंवा तुम्ही सापळा साफ केला होता, हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगा. वेळेत निदान झाले तर साध्या अँटिबायोटिकने बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र ते औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका.