विश्लेषण : ईशनिंदेचा आरोप, मुलुंडला अडवलेली रॅली… ‘गुन्हा दाखल’ झाल्यावर पुढे काय होते?

२३ सप्टेंबर २०२४. सोमवारचा दिवस. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालेला गाड्यांचा मोठा ताफा समृद्धी महामार्गावरून मुंबईच्या दिशेने येत होता. गाड्यांवर तिरंगे होते आणि नेतृत्व होते एमआयएमचे माजी खासदार इम्तियाज जलील यांचे. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांना राज्यघटनेची प्रत भेट द्यायची आणि महंत रामगिरी महाराज व भाजप आमदार नितेश राणे यांच्यावर कारवाईची मागणी करायची, असा या ‘तिरंगा रॅली’चा कार्यक्रम होता. ताफा मुंबईच्या वेशीवर पोहोचला तेव्हा मुलुंड नाक्यावर पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता. रॅली तिथेच थांबवण्यात आली. अधिकाऱ्यांकडे निवेदन देऊन आंदोलक माघारी फिरले.

मुलुंड नाक्यावरची गर्दी सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. मात्र अशा प्रकरणांचा निकाल ज्या टप्प्यावर अडकतो, तो ना रस्त्यावर दिसतो ना पोलीस ठाण्यात. तो टप्पा कोणता?

मुलुंडच्या रॅलीमागचे कारण काय होते?

ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात एका धार्मिक सप्ताहात बोलताना सरला बेटाचे मठाधिपती रामगिरी महाराज यांनी प्रेषित महंमद पैगंबरांविषयी वक्तव्य केले. त्याची चित्रफीत पसरली, अनेक शहरांत मुस्लीम समाज रस्त्यावर उतरला आणि राज्यभरात ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले. १ सप्टेंबरला नितेश राणे यांनी अहमदनगर जिल्ह्यात रामगिरींच्या समर्थनार्थ भाषण केले. महाराजांविरोधात कुणी काही केले तर मशिदीत घुसून मारू, अशा आशयाच्या त्या भाषणावरून श्रीरामपूर आणि अहमदनगरच्या तोफखाना पोलीस ठाण्यात त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. रामगिरींवरचा आरोप धर्माच्या अवमानाचा होता, तर राणेंवरचा धमकावण्याचा आणि दोन समाजांत वैर निर्माण करण्याचा. समाजमाध्यमांवर या दोन्ही गोष्टी ‘भावना दुखावल्या’ या एकाच शब्दप्रयोगात गुंडाळल्या जातात. कायद्यात मात्र ते वेगवेगळे गुन्हे आहेत.

हे फक्त एकाच समाजाबाबत घडते का?

नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला भूमिका नेमक्या उलट होत्या. ३ जानेवारी २०२४ रोजी शिर्डीत राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाच्या शिबिरात जितेंद्र आव्हाड यांनी प्रभू राम मांसाहारी होते, असे विधान केले. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठा २२ जानेवारीला होणार होती. वातावरण लगेच तापले, राज्यात ठिकठिकाणी निदर्शने झाली. मुंबईच्या उपनगरांतही पडसाद उमटले. घाटकोपर पश्चिमचे भाजप आमदार राम कदम यांनी पोलिसांत तक्रार दिली. अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात विश्व हिंदू परिषदेच्या कार्यकर्त्याच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवला गेला. दुसऱ्या दिवशी आव्हाडांनी खेद व्यक्त केला, पण आपण अभ्यासाशिवाय बोलत नाही, असेही सांगितले.

दोन्ही वेळचा क्रम सारखाच होता. आधी चित्रफीत, मग संताप, त्यानंतर मोर्चा आणि शेवटी ‘गुन्हा दाखल करा, अटक करा’ ही मागणी.

भारतात ‘ईशनिंदा’ हा गुन्हा आहे का?

ईशनिंदा या नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. देवाचा किंवा प्रेषिताचा अपमान झाला की नाही, हे आपले न्यायालय तपासत नाही. ते तपासते की, नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना भडकवण्यासाठी ‘जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने’ अपमान केला गेला का.

हे कलम आले ते लाहोरमधील एका प्रकरणातून. १९२४ मध्ये तिथे प्रेषितांविषयी एक वादग्रस्त पुस्तिका निघाली. तेव्हाच्या कायद्यात असे लेखन बसत नाही, म्हणून १९२७ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकाशकाला निर्दोष सोडले. मोठे आंदोलन उभे राहिले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने दंडविधानात कलम २९५ अ घातले. तरीही १९२९ मध्ये त्या प्रकाशकाची हत्या झालीच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि २९५ अ ची जागा कलम २९९ ने घेतली. त्यामुळे एकाच वर्षात आव्हाडांचे प्रकरण जुन्या कलमाखाली आले, तर रामगिरींचे नव्या काळातले ठरले. शिक्षा तीच, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र नव्या कलमात ‘इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे’ हे शब्द वाढवले आहेत. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरचा मजकूर आता थेट कलमाच्या भाषेतच आला आहे.

मग शिक्षा का होत नाही?

पहिले कारण हेतू. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवले, पण त्याची मर्यादाही सांगितली. निष्काळजीपणे किंवा अनवधानाने झालेला अपमान यात बसत नाही. २०१७ मध्ये महेंद्रसिंह धोनीविरुद्धचा खटला रद्द करताना न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा बजावली. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्याला देवाच्या रूपात दाखवल्यावरून तो खटला झाला होता. भावना दुखावणे वेगळे आणि दुखावण्याचा दुष्ट हेतू सिद्ध करणे वेगळे.

दुसरे कारण अटकेचे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले. त्यामुळे ‘तात्काळ अटक’ ही घोषणा मोर्चात जोरात दिली जात असली, तरी कायदा पोलिसांना आधी अटकेची गरज तपासायला लावतो.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे आणि सर्वात कमी चर्चेतले आहे. कलम २९९ किंवा वैर पसरवण्याचे कलम १९६ यांखाली न्यायालयाला गुन्ह्याची दखल घ्यायची असेल, तर केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ मध्ये ही अट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम १९६ मध्ये होती. पोलीस एफआयआर नोंदवू शकतात, तपासही करू शकतात, पण सरकारने मंजुरी दिली नाही तर या कलमांखालचा खटला उभाच राहत नाही.

आरोपी राजकारणी असेल तर या अटीचा अर्थ बदलतो. तो सत्ताधारी असेल तर मंजुरी त्याच्याच सरकारकडून यायची असते. विरोधी पक्षातला असेल तर मंजुरीची किल्ली त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातात असते. नितेश राणे डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे मंत्री झाले, हे या संदर्भात आठवावे. ऊठसूट खटले होऊ नयेत म्हणून ठेवलेली ही गाळणी आहे. पण ती निष्पक्षपणे वापरली जाते, असा विश्वास लोकांना वाटला नाही, तर गर्दी पुन्हा रस्त्यावरच येते.

जास्त ठिकाणी तक्रारी केल्याने प्रकरण मजबूत होते का?

फारसे नाही. २०२२ मध्ये भाजपच्या तत्कालीन प्रवक्त्या नूपुर शर्मा यांच्यावर मुंबईतील पायधुनी आणि ठाण्याजवळील मुंब्रा पोलीस ठाण्यांसह देशात अनेक ठिकाणी गुन्हे नोंदवले गेले. १० ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे एकत्र करून दिल्ली पोलिसांकडे सोपवले.

मोर्चा मुलुंडलाच का थांबला?

शांततेने एकत्र येण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, पण त्यावर सुव्यवस्थेच्या कारणाने वाजवी बंधने येतात. मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदानातील ठरलेली जागा आहे. पोलिसांच्या धास्तीला इतिहासही आहे. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी सलमान रश्दींच्या कादंबरीविरोधातील मोर्चा ब्रिटिश कचेरीकडे निघाला असताना पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ जणांचा जीव गेला. ज्या पुस्तकाच्या आयातीवर भारताने १९८८ मध्येच बंदी घातली होती, त्यासाठी मुंबईतली माणसे मेली. मुलुंडला गर्दी मोठी असूनही आंदोलक निवेदन देऊन परतले, याचे मोल त्यामुळेच आहे.

सामान्य माणसाचा यात काय संबंध?

जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषध दुकानदाराची हत्या झाली. नूपुर शर्मा यांच्या समर्थनाचा मजकूर पाठवल्यामुळे त्याला मारले, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. तो ना नेता होता, ना वक्ता.

म्हणून अशी चित्रफीत हाती आली की ती पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. भाषण पूर्ण आहे की कापलेले? गुन्हा दाखल झाला असेल तर कोणत्या कलमाखाली? आणि काही महिन्यांनी, गर्दी पांगल्यावर, सरकारने खटल्याला मंजुरी दिली का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बातम्यांत सहसा मिळतात. तिसरा प्रश्न फारसे कुणी विचारत नाही, आणि प्रकरण तिथेच थंडावते.