भातशेतीतील जलचर कायरोनोमस अळ्या : जैविक व रासायनिक कीटकनाशकांचा तुलनात्मक विचार

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या रिव्हेरिना प्रदेशात भाताची लावणी होत नाही. शेतात प्रथम पाणी साठवून मोड आलेले बियाणे विमानातून पेरण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ रूढ होती व काही प्रमाणात आजही आहे. नव्याने भरलेल्या या उथळ पाण्यात अगदी प्रारंभी अंडी घालणाऱ्या कीटकांत कायरोनोमस टेपेरी ही प्रजाती प्रमुख होय. प्रौढ कीटक डासासारखा दिसतो, पण चावत नाही. हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या त्याच्या अळ्या चिखलात नळीसारखे घर करून राहतात आणि बियाणे व कोवळी मुळे कुरतडतात. रोप चिखलात घट्ट रुजेपर्यंतचे पहिले काही आठवडेच खऱ्या धोक्याचे असतात. (आपल्याकडे चंदेरी पोंगा निर्माण करणारी गादमाशी ही वेगळ्या कुळातील आहे, दोहोंची गल्लत होऊ नये.)

या अळ्यांविरुद्ध क्लोरपायरीफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके वापरली गेली. कीटकाच्या शरीरात क्लोरपायरीफॉसचे ऑक्झॉन या रूपात परिवर्तन होते व ते ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराचे कार्य रोखते. स्पर्शानेही विषबाधा होत असल्याने अळीने ते खाल्लेच पाहिजे असे नाही. मात्र हे विकर मासे, कोळंबीवर्गीय प्राणी व पाणभुंगे यांच्यातही असते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस (बीटीआय) हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात आढळला. त्याचे प्रथिनस्फटिक अळीच्या पोटात जावे लागतात. तेथील अल्कधर्मी मध्यांत्रात ते विरघळतात आणि आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडतात. म्हणूनच अंडी, कोष व प्रौढ यांवर त्यांचा परिणाम होत नाही.

प्रयोगशाळेतील स्वच्छ पाण्याच्या पात्रात दोहोंची तुलना करणे सोपे असते. शेतात प्रश्न चिखलाचा असतो. बीटीआयचे कण गाळाला चिकटतात. शिवाय कायरोनोमस अळ्यांना डासांच्या अळ्यांपेक्षा बरीच अधिक मात्रा लागते, आणि वाढलेल्या अळ्या लहान अळ्यांपेक्षा अधिक तग धरतात. त्यामुळे मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची ठरते. उलटपक्षी, व्यापक विषारीपणाच्या रसायनाने अळ्यांबरोबर त्यांचे भक्षकही मरतात आणि अशा रिकाम्या पाण्यात कायरोनोमस भक्षकांच्या आधी परततो. केवळ २४ किंवा ४८ तासांतील मृत्यूची टक्केवारी मोजणाऱ्या तुलनेत ही बाब दिसतच नाही. अशा तुलनेवरून शेतकऱ्यास शिफारस करणे प्रस्तुत लेखकास धाडसाचे वाटते.

'जैविक' म्हणजे निरुपद्रवी, हा समजही तपासून घ्यावा लागतो. फ्रान्सच्या कामार्ग पाणथळ प्रदेशात २००६ पासून डासांविरुद्ध बीटीआय फवारण्यात आले. तेथे कायरोनोमससारख्या कीटकांची घट झाली आणि त्यांवर पोसणाऱ्या पाकोळीवर्गीय पक्ष्यांची पिल्लेही कमी आढळली. भातशेतीत जे अपेक्षित यश, तेच तेथे दुष्परिणाम ठरले!

मे २०२५ मध्ये क्लोरपायरीफॉसचा समावेश, काही सवलतींसह, स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन-यादीत झाला. रिव्हेरिनात दरम्यान कोरड्या जमिनीत यंत्राने पेरणी करण्याचे प्रमाण वाढले आहे. तेथे कायम पाणी भरण्यापूर्वीच रोप रुजलेले असल्याने अळीला संधी उरत नाही. कोकणातील लावणीतही तयार रोपच चिखलात जाते. परंतु मोड आलेले बी चिखलात फेकण्याच्या रहू पद्धतीत बियाणे व कोवळी मुळे उघडी असतात, आणि तेथील चिखलातील अळ्यांची पाहणी आपल्या प्राणिशास्त्र विभागांना सहज हाती घेता येईल.