डेंग्यूची लस : विलंबाची मीमांसा

छत्तीसगडमधील भिलाई येथे पोलादाच्या कारखान्याभोवती जे नगर वसले, त्यातील कोहका ही एक लोकवस्ती. २०१८ च्या पावसाळ्यात दुर्ग-भिलाईच्या या टापूत डेंग्यूची मोठी साथ आली आणि तिने अनेक घरांतील माणसे हिरावून नेली. अशा प्रसंगी सामान्य माणसाच्या मनात एक प्रश्न सहजच उभा राहतो. देवीसारखा भयंकर रोग लशीने पृथ्वीवरून नाहीसा केला, मग डेंग्यूवरच लस का सापडू नये?

या प्रश्नाला धार येते ती आणखी एका कारणाने. डेंग्यू पसरविणारा एडिस जातीचा डास पीतज्वराचाही वाहक आहे, आणि पीतज्वरावरील लस मॅक्स थायलर यांनी १९३७ मध्येच सिद्ध केली. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत विषाणू पिढ्यानपिढ्या वाढवीत नेला असता त्याची मारकशक्ती लोपली, परंतु शरीरास प्रतिकार शिकविण्याचा गुण मात्र कायम राहिला. या कार्यासाठी थायलर यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, रॉकफेलर प्रतिष्ठान व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. तेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था होय. भातशेतीतील क्युलेक्स डासामुळे पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू या संस्थेने कर्नाटकातील कोलार येथील रुग्णापासून मिळविला. पूर्वी या रोगावरील लस उंदराच्या मेंदूत विषाणू वाढवून तयार करीत. कोलारचा विषाणू पेशीसंवर्धनात वाढवून व निर्जीव करून भारत बायोटेकने केलेली लस २०१३ मध्ये देशात उपलब्ध झाली.

मग डेंग्यूचेच घोडे कोठे अडले? पीतज्वराचा विषाणू एकच आहे. डेंग्यूचे प्रकार चार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला म्हणजे त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण इतर तिघांपासून मिळणारे संरक्षण अल्पजीवी असते. पुढे दुसऱ्या प्रकाराची बाधा झाली तर रक्तातील जुनी प्रतिद्रव्ये त्या विषाणूला चिकटतात, परंतु त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत; उलट पेशींत शिरण्यास त्याला वाटच करून देतात. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू पुष्कळदा अधिक घातक ठरतो. सारांश, अर्धे कवच येथे कवच नसण्याहूनही धोक्याचे ठरू शकते. लशीने चारही प्रकारांविरुद्ध सारखेच बळ दिले पाहिजे.

या तत्त्वाची कठोर प्रचीती फिलिपिन्समध्ये आली. तेथे २०१६ मध्ये डेंग्यूची पहिली परवानाप्राप्त लस शाळकरी मुलांना देण्यास प्रारंभ झाला आणि आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालाच नव्हता, अशांना लशीनंतर बाधा झाल्यास रोग अधिक तीव्र होण्याचा संभव आहे, असे २०१७ च्या नोव्हेंबरात उत्पादकांनीच जाहीर केले. मोहीम थांबली. अधिक हानी झाली ती लोकांच्या विश्वासाची. इतर रोगांच्या लशींकडेही पालक संशयाने पाहू लागले.

हा धडा समोर ठेवूनच भारतात वैद्यकीय संशोधन परिषद व पॅनेशिया बायोटेक यांनी चारही प्रकारांवरील एका देशी लशीची अखेरच्या टप्प्यातील चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू केली. दहा हजारांहून अधिक प्रौढांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्याची तिची योजना आहे. हा कालावधी अधीर मनाला दीर्घ वाटेल. परंतु दुसरी बाधा काही काळ लोटल्यावरच होते, आणि लशीची खरी परीक्षाही तेव्हाच होते.

तोवर कोहक्यातील असो वा पुण्यातील, प्रत्येक गृहस्थाच्या हाती एक उपाय आहेच. हा डास घराजवळच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आठवड्यातून एकदा कूलर, पिंप व कुंड्यांखालच्या ताटल्या रित्या करून घासून कोरड्या केल्या, तर त्याची पुढची पिढी जन्मासच येत नाही. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बाळगलेल्या धीराला नागरिकांनी अंगणातील दक्षतेची जोड द्यावी, हेच श्रेयस्कर.