दिवस आहे, साल नाही

पेशवाईतले मोडी पत्र उघडले की माथ्यावर 'श्री', मग मायना, मग 'येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे, विशेष' आणि त्यापुढे मजकूर. शेवटी 'बहुत काय लिहिणे' किंवा 'लेखनसीमा', म्हणजे याखाली कोणी काही घुसडू नये. लिहिणारा आधी आडवी शिरोरेघ ओढून घेई आणि बोरूने अक्षरे तिला टांगत जाई. शब्दांत अंतर ठेवण्याची रीत नव्हती. तिथी मात्र बहुधा असते: 'छ 12 रमजान'. 'छ' म्हणजे चंद्र. साल? जासूद चार दिवसांत पोचणार, वाचणाऱ्याला चालू साल ठाऊक, मग लिहायचे कशाला! त्या एका बेपर्वाईने संशोधकांची हयात खर्ची पडली.

सनदांत आणि हुकमांत साल येते, तेही अरबी अंकशब्दांत. 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार: शुहूर सन 1161. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की हे साल बदलते. त्यात 599 मिळवले की इसवी 1760 येते, आणि पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवायचे. पानिपतची लढाई याच सालातली. घसरट मोडीत 'सबा' (सात) आणि 'सबैन' (सत्तर) यांची गल्लत झाली तर पत्र दुसऱ्याच पिढीत जाऊन पडते.

वऱ्हाडात आणखी एक भर. इथे निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल, त्यामुळे वसुलीच्या कागदांत फसली सन येतो. त्यात 590 मिळवायचे. तेल्हारा तालुक्यातील अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या दिवसाचे साल शके 1725, शुहूर 1204, फसली 1213 आणि हिजरी 1218. मोघम 'सन 1213' वाचून हिजरी धरले, तर काळ पाच वर्षे मागे, 1798-99 मध्ये जातो.

साल मुळीच नसेल तेव्हा चांद्रमास कामाला येतो. हिजरी वर्ष 354 दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी त्याच ऋतूत परततो. पत्रात रमजान आणि पेरणी एकत्र आली की मोजकीच साले उरतात. वार दिला असेल तर जंत्री लावून त्यांतलीही गळतात. मग हस्ताक्षर आणि पत्रातल्या माणसांची नावे पाहायची. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 दरम्यान पेशवे दप्तरातून निवडक पत्रांचे 45 खंड काढले, तेव्हा पानोपानी ही कसरत होती.

इजिप्तमधील कॉप्टिक पत्रांचे दुखणे हेच. सातव्या शतकात कॉप्टोसचा बिशप पिसेन्तियस याला पपायरसवर आलेली पत्रे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. अशा पत्रांच्या माथ्यावर आपल्या 'श्री'च्या जागी क्रूस असतो. काळ दिलाच तर महिना आणि 'इंडिक्शन'चे साल. हे चक्र पंधरा वर्षांचे. 'सातवे साल' म्हटले तरी कितव्या चक्रातले ते कळत नाही. आपला संवत्सर निदान साठ वर्षांनी फिरतो. तिथेही शेवटी अक्षरावर आणि घटनांवर भिस्त: पत्रात इराणी फौजेचा धाक दिसला की ते 619 ते 629 या इराणी अंमलाच्या आसपासचे ठरते.

इजिप्तच्या कोरड्या वाळूने पपायरस राखला. आपल्याकडे दौलताबादी कागद टिकाऊ खरा, पण ओल आणि वाळवी यांपुढे तोही हरतो, आणि पहिली झिजते ती घडीवरची ओळ.