विसराळूपणा की दुखणे?

आमचे उभे आयुष्य कामगारांच्या चार्जशिटांना उत्तरे लिहिण्यात गेले. शाळा सातवीपर्यंतच झाली. तेव्हा मेंदूविषयी बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. विचारावे. पण एका चार्जशिटाचे उत्तर आम्ही चुकीचे लिहिले. ते का चुकले हे शोधता शोधता या विषयाची पुस्तके हाती आली.

एका कारखान्यात आमचे एक टर्नर होते. मोठा नेमका हात. पन्नाशी उलटल्यावर ते एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारू लागले. मोजमाप घेऊन लेथपाशी येईतो आकडा विसरत. हत्यारे भलतीकडे ठेवून चोरीची तक्रार करीत. एकदा पाळी सुटल्यावर रोजच्या वाटेवर चुकले, ते मध्यरात्री सापडले. त्यांच्यावर निष्काळजीपणाचा आरोप आला. आम्ही उत्तरात लिहिले की, घरच्या विवंचनेमुळे लक्ष लागत नाही, माफी असावी. म्हणजे गुन्हा आम्हीच कबूल केला! वैद्यकीय तपासणी मागावी हे सुचले नाही. नोकरी गेली. अल्झायमर हे नाव पुढे इस्पितळात कळले.

किल्ली कोठे ठेवली हे आपण सारेच विसरतो. मागाहून ते आठवते. या दुखण्यात नवी गोष्ट मनात ठरतच नाही. लहानपणची जत्रा माणूस बारकाव्यानिशी सांगेल, पण सकाळी जेवलो की नाही हे सांगता यायचे नाही. पुढे शब्द सापडत नाहीत, हिशेब जमत नाही, घरच्यांवर संशय येतो. अखेरीस ओळखही पुसते.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या इस्पितळात ऑगुस्ट डेटर नावाच्या बाई दाखल झाल्या. वय अवघे ५१, यजमान रेल्वेत कारकून. डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी त्यांना स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. तेही पुरे लिहिता येईना. १९०६ मध्ये त्या वारल्या. अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगनच्या सभेत निष्कर्ष मांडला. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात दुखण्याला त्यांचे नाव दिले. पण ते तरुण वयापुरतेच धरले जाई. वृद्धांना झाले की म्हातारपण म्हणत. ही समजूत १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टर कॅट्झमन यांनी खोडून काढली. आमच्या गिरणगावात ती अजून नांदते आहे.

मेंदूत घडते ते असे. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे तुकडे पेशींच्या बाहेर साचून गाठी बनतात. पेशीच्या आत टाउ नावाचे दुसरे प्रथिन असते. पेशीतल्या वाहतुकीच्या नळ्या ते सावरून धरते. ते सुटून त्याचा गुंता होतो, वाहतूक तुंबते, पेशी मरतात. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर झिजतो, म्हणून नवे टिकत नाही आणि जुने उरते. ही पडझड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होते. म्हणजे आमच्या टर्नरच्या डोक्यात ती नोकरीच्या भर उमेदीत चालू झाली असणार.

कारणे? सर्वांत मोठे कारण वय. शंभरात एकाहून कमी रोग्यांत सदोष जनुक थेट वारशाने येते. एपीओई-४ हे जनुक धोका वाढवते, खात्री देत नाही. मात्र २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्या दूर झाल्या तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा तिचा अंदाज. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर आहेत; पण बहिरेपण, अपुरे शिक्षण, दूषित हवा आणि एकटेपण हेही आहेत. यंत्राच्या गोंगाटात कान गमावलेल्यांना आम्ही कानाची भरपाई मागत आलो. त्या कानांचा मेंदूशी संबंध असेल, हे ध्यानी नव्हते.

हे दुखणे मुळापासून बरे करणारे औषध आजही नाही. आहेत ती थोडा वेळ मिळवून देतात. पण विसरण्यासारखेच दिसणारे सर्वच अल्झायमर नसते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड मंदावले, तरी माणूस असाच गोंधळतो, आणि त्यावर उपाय आहे. म्हणून आता असे चार्जशीट आले की, उत्तर लिहिण्याआधी आम्ही माणसाला डॉक्टरकडे नेतो. मागे एकाचे थायरॉइड निघाले. तो गोळ्या घेतो आणि कामावर आहे.