जिना चढता येतो, मग सपाट जमिनीवर पाय का अडतो? पार्किन्सनमधली चाल समजून घ्या

घरातल्या आजोबांना पार्किन्सन म्हणजेच कंपवात आहे. जिना नीट उतरून येतात, पण खोलीच्या दारात एकदम थबकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. घरच्यांना वाटतं, आळस करतात किंवा मुद्दाम करतात. तसं नसतं. कारण मेंदूत आहे.

पाय का अडतो?

चालताना आपण प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. मेंदूच्या आतल्या भागातली यंत्रणा ते काम आपोआप करते. या यंत्रणेला डोपामिन हे रसायन लागतं. पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. मग पावलं लहान पडतात, पाय घासत जातात, चालताना हात हलत नाहीत. काहींचा पाय जागीच अडतो. डॉक्टर याला 'फ्रीझिंग' म्हणतात. दार, अरुंद जागा, वळण आणि घाई, इथे हे जास्त होतं.

मग जिना कसा जमतो?

ठरवून पाऊल टाकण्याची क्षमता बरीचशी शिल्लक असते. पुढची पायरी दिसली की पाय कुठे ठेवायचा ते डोळेच सांगतात. पुण्यात वाढलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिलं. त्यांनी सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र तयार केलं आणि काका त्यावरून न अडता चालले. 2015 मध्ये टेडएक्सच्या व्यासपीठावर त्यांनी हा प्रयोग सांगितला.

तालानेही असाच आधार मिळतो. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत.

घरी काय करता येईल?

• पाय अडतो तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा. दोन रेघांत एका पावलाचं अंतर ठेवा.
• पाय अडला की आधी थांबू द्या. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा आणि "एक, दोन" मोजत मोठं पाऊल टाकायला लावा.
• हात धरून ओढू नका. शरीर पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर अंथरुण धरावं लागू शकतं.
• जागच्या जागी गर्रकन वळण्यापेक्षा मोठा वळसा घ्यायला सांगा.
• चालताना बोलायला लावू नका. पायपुसणी आणि सुट्या वायरी वाटेतून काढा.

सगळ्यांनाच हे उपाय सारखे लागू पडत नाहीत. फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहणं चांगलं.

औषधाचं काय?

मुख्य औषध लेव्होडोपा. गोळीची वेळ चुकली की चाल बिघडते. डाळ, दूध, अंडी अशा प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतल्यास काहींना तिचा गुण कमी येतो, म्हणून जेवण आणि गोळी यात किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने अचानक बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

एक काम आजच करा. दवाखान्यात अनेकदा पाय अडतच नाही. वसमतहून नांदेडला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं असेल, तर घरी पाय अडतानाचा मोबाईल व्हिडिओ सोबत न्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली होती तेही लिहून ठेवा. गोळीचा असर उतरल्यावर पाय अडतो की असर असतानाही, हे त्यातून डॉक्टरांना कळतं. पुढचा उपचार त्यावरच ठरतो.