तो रस्ता आजीनं केला होता

तुमच्या आजीला तिच्या आयुष्याबद्दल तुम्ही शेवटचं काय विचारलं होतं? 'गोळी घेतलीस का?' आणि 'माझा चार्जर कुठंय?' हे प्रश्न धरायचे नाहीत हं.

माझ्याकडे उत्तर नाही. फेब्रुवारीत आमची आजी गेली. वय पंचाहत्तरच्या आसपास. 'आसपास' लिहिताना लाज वाटते, पण नक्की आकडा घरात कुणालाच माहीत नाही. माझ्या फोनमध्ये तिच्या सात व्हॉइस नोट्स आहेत. सगळ्यात मोठी चौदा सेकंदांची. सातही नोट्समध्ये ती एकच विचारते, "पोचलीस का? जेवलीस का?" म्हणजे प्रश्न नेहमी तिनंच विचारले. मी कधीच नाही.

आणि मी तर मास कॉमची! चौथ्या सेमला आम्हाला 'मौखिक इतिहास' म्हणून असाइनमेंट होती. कुणातरी ज्येष्ठ व्यक्तीची अर्धा तास मुलाखत घ्यायची. मी पुण्यात एका जुन्या पुस्तकविक्रेत्या काकांना गाठलं. सुट्टीत गावी बसून ती मुलाखत टाइप करत होते, तेव्हा आजी म्हणाली, "मला न्हाई व्हय इचारायचं काय?" मी हसले. म्हटलं, "तुझी पुढच्या सुट्टीत घेते." असाइनमेंटला 'ए' ग्रेड मिळाली. पुढच्या सुट्टीत मी इंटर्नशिपला होते.

आजीच्या तेराव्याला तिची एक मैत्रीण आली होती. सगळं गाव तिला जिजी म्हणतं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला जायला मुख्य रस्ता सोडून आत वळावं लागतं. त्या आतल्या रस्त्यावरचे खड्डे हा आमच्या गाडीतला दर दिवाळीचा विषय. त्या दिवशीही कुणीतरी रस्त्याला नावं ठेवली, तशी जिजी एकदम म्हणाली, "आगं, ह्या रस्त्याची खडी तुझ्या आज्जीनं आन म्या फोडलीया. दुस्काळात. चार म्हैने. तुझा बाप तवा हिच्या पोटात व्हता."

बाबा माझ्याकडे बघत होते, मी बाबांकडे. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

१९७२चा दुष्काळ तुम्ही-आम्ही एमपीएससीच्या नोट्समध्ये वाचतो. पाऊस नाही, पिकं गेली, सरकारनं रस्त्यांची, पाझर तलावांची, बांधबंदिस्तीची कामं काढली. लाखो माणसं खडी फोडायला, माती वाहायला गेली. त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या. खायला बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. त्याच काळातली रोजगार हमी योजना पुढे १९७७मध्ये राज्याचा कायदा झाली, आणि २००५च्या देशपातळीवरच्या रोजगार हमी कायद्याला तिचाच अनुभव उपयोगी पडला. हे सगळं मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. आणि त्या परिच्छेदातली एक बाई माझ्या शेजारी बसून माझ्यासाठी शेंगा फोडत होती!

बहिणाबाई चौधरींची कविता आपण सगळेच शाळेत शिकलो. पण एक गोष्ट मला आत्ता कळतेय. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता गाणी रचायच्या, आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी ती वेळोवेळी टिपून ठेवायचे. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. नंतर ती वही आचार्य अत्र्यांसमोर आली आणि १९५२मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. आपली प्रत्येकाची आजी कवयित्री नसते, मान्य. पण ती वही मुळात होती, कारण घरातल्याच कुणीतरी ऐकलं आणि लिहून घेतलं.

आजीचं राहिलं. आईचं राहू द्यायचं नाही असं ठरवलं. पहिला प्रयत्न साफ फसला. फोन समोर ठेवून विचारलं, "आई, तुझ्या आयुष्याबद्दल सांग." ती म्हणाली, "त्यात काय सांगायचंय?" आणि कुकर बघायला उठली.

दुसऱ्यांदा आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी फक्त एवढंच विचारलं, "तुझा पहिला पगार किती होता गं?" आणि आई सुटलीच! लग्नाआधी ती सात महिने एसटीडी बूथवर बसायची. रात्री अकरानंतर रेट कमी व्हायचा, म्हणून तेव्हाच गर्दी. कुणाचं मुंबईत भांडण चाललंय, कुणाचा मुलगा आठ दिवस फोन उचलत नाहीये, सगळं तिला माहीत. पहिल्या पगारातून तिनं आजोबांना चप्पल घेतली होती. बेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. मधे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, त्या मी एडिट करणार नाही.

तुम्हीही करून बघा. 'आयुष्य' विचारू नका, छोटं विचारा. शाळा का सुटली, लग्नातली साडी कुणी आणली, तुझ्या आईचं नाव काय. हाताला काम असू दे, बोलणं आपोआप येतं. रेकॉर्ड करतेय हे आधी सांगा. 'हे नको' म्हणाली तर खरंच बंद करा. फाइलला नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आपले फोन कधी पडतील सांगता येत नाही.

आणि आजी नसेल, तर तिची जिजी शोधा. येत्या शनिवारी मी एसटीच्या हाफ तिकिटात गावी निघालेय. जिजीचं वय आता ऐंशीच्या पुढे. तिच्याकडे माझ्या आजीचे चार महिने आहेत.